न्यायमूर्तींच्या नावाचा दगड

१

पडदा ओढला आणि मागे नुसती भिंत निघाली.

ओढला तो विद्यापीठाच्या कुलसचिवांनी, आणि तोही वेळेआधी. उद्घाटन दुपारी चारला होतं. पण सकाळीच वर्तमानपत्राचा फोटोग्राफर आला, आणि आमच्या कुलसचिवांना कॅमेरा दिसला की राहवत नाही. "या, तुम्हाला आधीच दाखवतो," म्हणत त्यांनी दोरी खेचली. मखमली पडदा सरकला. जिथे माझ्या भावाच्या नावाचा पांढराशुभ्र दगड असायला हवा, तिथे सिमेंटच्या मसाल्याचा करडा चौकोन आणि चार कोपऱ्यांत चार भोकं. फोटोग्राफरने सवयीने बटण दाबलंसुद्धा.

मी तिथेच उभी होते आणि माझं डोकं आधीच तापलेलं होतं. दादाच्या मुलाने, म्हणजे माझ्या भाच्याने, आदल्या संध्याकाळी फोन करून सांगितलं होतं, "आत्या, गाडीत जागा नाही, तू बसने ये." एवढी मोठी गाडी, दादा-वहिनींना न्यायला विद्यापीठाची गाडी येणार, आणि ह्याच्याकडे एका आत्याला जागा नाही. बसमध्ये उभी राहून आले होते, त्यामुळे कुणावर तरी खेकसायचंच होतं. भिंत बघितली आणि तेही विसरले.

आमचा दादा निवृत्त न्यायाधीश. हयातभर दुसऱ्यांचे तंटे ऐकले, आणि निवृत्तीनंतर हातात जे काही होतं ते विद्यापीठाला इमारती बांधून देण्यात घातलं. आधी कायद्याचं ग्रंथालय, मग मुलींचं वसतिगृह, मग प्रयोगशाळा. ही चौथी, विद्यार्थ्यांसाठी अभ्यासिका. लोक म्हणतात, मोठी माणसं नावाच्या मागे नसतात. आमचा दादा असतो. त्याला आपलं नाव दगडावर बघायला आवडतं, आणि का आवडू नये? स्वतःच्या घामाचं दिलंय. वसतिगृहासमोरून जाताना तो उगाच बुटाची नाडी बांधायला थांबतो, हे मला ठाऊक आहे. मीही त्याच्याबरोबर थांबते. माझीही छाती फुगते.

तो आला, लांबूनच भिंतीकडे बघितलं, आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. "कुणाला तरी माझं नाव इथे नकोय," एवढंच म्हणाला आणि पाहुण्यांच्या खोलीत जाऊन बसला. इतक्या निकालांत इतकी माणसं दुखावली गेली असतील, त्यातलंच कुणीतरी आज येऊन हिशोब चुकता करून गेलं, असं त्याच्या मनाने घेतलं.

इकडे कुलसचिवांनी साइट इंजिनिअरकडे बोट दाखवायला वेळ लावला नाही. ती एक तरुण मुलगी. तिची पहिलीच नोकरी. पोर्चची किल्ली तिच्याकडे, हत्यारं तिच्याकडे, आणि दगड कुठे गेला म्हणून विचारलं तर ती मूग गिळून उभी. काँट्रॅक्टर सगळ्यांदेखत तिला म्हणाला, चारच्या आत दगड जागेवर आला नाही तर काम सुटलं असं समज, आणि चोरीची तक्रारही होईल. मुलीने इतकंच विचारलं, की हे सगळं जरा हळू बोलता येईल का. कारण मांडवात तिसऱ्या रांगेत तिची आई येऊन बसली होती, लेकीने बांधलेली इमारत बघायला.

२

मी तडक दादाकडे गेले. म्हटलं, तू एवढा मोठा न्यायाधीश, बाहेर एका पोरीचा निकाल न ऐकताच लागतोय, आणि तू इथे तोंड पाडून बसलायस?

"मी ह्यात फिर्यादी आहे," दादा म्हणाला. "दगड माझ्या नावाचा. फिर्यादीने न्याय करायचा नसतो. तू बघ."

"मी चित्रकला शिकवायचे. कायदा नाही."

"तुला दिसतं ते इतरांना दिसत नाही. जा."

आयुष्यभर मला लुडबुडी म्हणणाऱ्या भावाने हे म्हणावं! मी पदर खोचला आणि निघाले.

कुलसचिवांपासून सुरुवात केली. मला वाटलं, घाबरलेले असतील. कसले घाबरतात? उलट त्या दगडाचं कौतुकच सांगत बसले. दगड बाजारातून आणलेला नव्हता म्हणे, विद्यापीठाच्या भांडारातलाच होता. जुना, जाड, असा आता शोधून सापडत नाही. आमच्याकडे काही वाया जात नाही, असं त्यांनी अभिमानाने दोनदा सांगितलं. त्यांच्या मते हे काम ग्रंथपालबाईंचं किंवा त्या इंजिनिअर मुलीचं, किंवा दोघींचं. मी विचारलं, आज सकाळच्या आधी पडद्यामागे तुम्ही बघितलं होतं का? नाही म्हणाले. बघितलं असतं तर फोटोग्राफरसमोर असं हसं करून घेतलं असतं का, असंही म्हणाले. ते मला पटलं. आपल्या हाताने आपलं नाक कापून घेणाऱ्यांतला हा माणूस नव्हे.

ग्रंथपालबाईंकडे राग होता आणि त्यांनी तो लपवलाही नाही. ह्याच जागेवर पूर्वी जुनी वाचनशाळा होती. बाईंनी तिथे तरुणपणापासून नोकरी केली. दोन वर्षांपूर्वी ती मोडकळीला आली म्हणून पाडली, तेव्हा बाईंनी वर्तमानपत्रात खरमरीत लिहिलं होतं. "माझा राग न्यायमूर्तींवर नाही," त्या मला म्हणाल्या. "जुन्या वाचनशाळेच्या दारावर जिने ती बांधून दिली तिच्या नावाचा दगड होता. तो कुठे गेला ते मी दोन वर्षं विचारतेय. फुटला, असं सांगतात. फुटला तर तुकडे कुठे आहेत?"

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मलाही गलबलून आलं, कारण ती बांधून देणारी कोण हे मलाही ठाऊक होतं. वकिलांचे काळे गाऊन शिवणारी बाई. आम्ही तिला गाऊनवाली मावशी म्हणायचो. आमचं घर एका खोलीचं, भावंडांचा नुसता कालवा, आणि त्यात सगळ्यांत मोठा आवाज माझा. दादा कायदा शिकला तो तिच्या वाचनशाळेत बसून. ती संध्याकाळी शिवण घेऊन कोपऱ्यात बसायची आणि शेवटचा विद्यार्थी उठेपर्यंत दिवा मालवायची नाही. दादाचा पहिला गाऊन तिनेच शिवला होता. खांद्यात जास्तीचं कापड दाबून ठेवलं होतं आणि म्हणाली होती, राहू दे, पुढे खांदे भरतील. दगड फुटल्याचं कळलं तेव्हा दादा घरी नीट जेवला नव्हता.

वहिनीकडे गेले तर ती वेगळ्याच काळजीत. "हा अजून आला नाही गं," म्हणाली. हा म्हणजे भाचा. सकाळी फुलं आणायला म्हणून गाडी घेऊन गेला तो गेलाच, आणि फोन घरात फडताळावर वाजतोय. आता मला तिच्या काळजीचं दुसरं कारणही कळलं. ह्या इमारतीसाठी दादाने जी जमीन विकली त्यावरून बापलेकांचं कडाक्याचं वाजलं होतं, आणि ते सगळ्या नात्यागोत्याला माहीत होतं. वहिनीने ते भांडण काढलं नाही. पण माझा हात धरून म्हणाली, "तो असं करणार नाही ना?"

३

इंजिनिअर मुलगी पोर्चच्या पायरीवर बसली होती. नखांत सिमेंट, डोळे कोरडे. मी शेजारी बसले, तुझी आई कुठली, जेवलीस का, असं इकडचं तिकडचं विचारलं. त्याला उत्तरं मिळाली. दगडाचं विचारलं की गप्प.

"हे बघ," मी म्हटलं, "तू दगड चोरला नाहीस हे मला कळतंय. मग कुणी नेला हे सांगायला काय जातं? चारला तुझी नोकरी जाईल."

"माहीत आहे."

"आई तिथे बसलीय."

"तेही माहीत आहे." तिने माझ्याकडे बघितलं. "मी शब्द दिलाय. आणि दिलाय तो चांगल्या कारणासाठी. तुम्हीही दिला असता."

असं उत्तर चोराचं नसतं. मला तिचा राग आला आणि कौतुकही वाटलं. मी उठून भिंतीपाशी गेले. सकाळपासून इतकी माणसं तिथे येऊन गेली होती, पण सगळ्यांनी तिथे काय नाही ते बघितलं होतं. काय आहे ते कुणी बघितलं नव्हतं.

आधी दिसला एक कागदी कप, खालच्या कठड्यावर, भिंतीला लावून ठेवलेला. त्यात स्क्रूवर बसवायच्या पितळी टोप्या, चारही, एकीवरही ओरखडा नाही. भोकांच्या कडाही शाबूत. सूड घ्यायला आलेला माणूस टोप्या कपात भरून ठेवत नाही. दगड काढला होता तो परत लावायच्या इराद्याने.

मग मी मसाल्याच्या चौकोनावर हात फिरवला. वरचा पट्टा थापीने खरवडलेला, अगदी ताजा. पण त्याच्याखाली हाताला काहीतरी लागलं. उंचवटे. आडवे, उभे, गोल, एका ओळीत. कारागिराची थापी अशी नक्षी काढत नाही.

चाळीस वर्षं मी पोरांना ठसे कोरायला शिकवलं. लाकडात अक्षर खोल कोरलं की कागदावर ते उलटं उमटतं, हे समजावता समजावता माझे केस पांढरे झाले. मी पर्समधून आरसा काढला आणि भिंतीसमोर धरला.

आरशात अक्षरं सरळ झाली. "शिवणकामाच्या कमाईतून ही वाचनशाळा विद्यार्थ्यांस दिली."

मागे वळून बघितलं तर मुलगी उभी राहिली होती आणि आता तिचे डोळे भरले होते. "तेवढं खरवडायचं राहिलं," ती म्हणाली. "नाव फक्त गेलं. तेवढ्यात कुलसचिव आले."

४

सगळं एका क्षणात समोर आलं. गाऊनवाल्या मावशीचा दगड फुटला नव्हताच. तो भांडारात पालथा पडला होता. वाया काही जाऊ द्यायचं नाही म्हणून कुणीतरी तो तसाच बाहेर काढला, कोरी पाठ घासूनपुसून चकचकीत केली आणि तिच्यावर माझ्या भावाचं नाव कोरलं. पुढच्या अंगाला दादा. मागच्या अंगाला, भिंतीत तोंड खुपसून, मावशी. आणि मसाला ओला असताना तिने आपली अक्षरं त्यात उमटवून ठेवली.

आता प्रश्न एवढाच, की हे दिसल्यावर दगड कोण नेईल?

दादाचा वैरी? त्याने तर दगड उलटा करून गावभर बोंब मारली असती. ग्रंथपालबाई? त्या दोन वर्षं ज्या दगडाला शोधतायत तो हाती लागल्यावर लपवतील? त्या तो डोक्यावर घेऊन दादाच्या खोलीत आल्या असत्या. कुलसचिवांना माहीतच नव्हतं, नाहीतर पडद्याला हात लावला नसता. म्हणजे नेणारा असा हवा की ज्याला दादाला हे कधीच कळू द्यायचं नव्हतं. मावशी दादाची कोण, हे ज्याला ठाऊक होतं. इंजिनिअर मुलीला ते ठाऊक असायचं कारण नाही. तिला कुणीतरी सांगितलं, आणि असं सांगितलं की तिने शब्द दिला.

हे सगळं माहीत असलेली आम्ही घरची तीनच माणसं. मी, वहिनी, जिला पाण्याची बादली उचलवत नाही, आणि तो, ज्याच्या गाडीत आत्याला जागा नव्हती. आत्याला जागा नव्हती कारण मागच्या बाकावर दगड होता. आणि मी गाढव बसमध्ये उभी राहून त्याला शिव्या घालत होते.

मुलीला हे सगळं मीच ऐकवलं, म्हणजे तिचा शब्द मोडायला नको. ती मान हलवत गेली, आणि मग उरलेलं तिने स्वतःच सांगितलं. आदल्या दुपारी दगड किंचित कलता दिसला म्हणून मसाला घट्ट व्हायच्या आत तिने तो उतरवला. पाहुण्यांच्या खुर्च्या बघायला आलेल्या भाच्याने हात लावला. दोघांनी दगड उलटा केला आणि भाचा मटकन खाली बसला. "बाबांना हे कळता कामा नये," एवढंच म्हणत राहिला. पडदा चारलाच उघडणार होता, तोवर पाथरवटाकडून नवा दगड करून आणायचा असं ठरलं. कुलसचिवांचं कॅमेऱ्याचं वेड कुणी हिशोबात धरलंच नव्हतं.

आता खरी पंचाईत माझी होती. सत्य सांगावं तर दादाचं काळीज फाटेल. आज, त्याच्या सगळ्यांत मोठ्या दिवशी. न सांगावं तर तिसऱ्या रांगेतल्या त्या आईसमोर तिची लेक चोर ठरेल. खोटं कशाला बोलू, थापी समोरच पडली होती आणि उरलेली ओळही खरवडून टाकावी असं एकदा मनात आलं. माझा भाऊ आहे तो.

मुलीने थापी उचलली आणि माझ्या हातात दिली. "तुम्ही ठरवा," म्हणाली. "मी काही बोलणार नाही."

त्या मुलीने एवढा विश्वास टाकला नसता तर कदाचित खरवडलीही असती. मी थापी खाली ठेवली आणि दादाच्या खोलीकडे चालू लागले. अर्ध्या वाटेत फाटकातून भाच्याची गाडी आत येताना दिसली. मागून चांगलीच दबलेली.

५

दादाने सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. कोर्टातही तसाच ऐकायचा म्हणतात. मग उठला, कोट घातला आणि पोर्चमध्ये आला. तोवर भाच्याने आणि मुलीने दगड उतरवून दोन खुर्च्यांवर आडवा ठेवला होता, दादाचं नाव वर. नवा दगड काही मिळाला नव्हता. पाथरवट म्हणाला होता, आठवडा लागेल.

"बाबा, मी..." भाचा बोलायला गेला.

"उलटा कर," दादा म्हणाला.

उलटा केला. दादाने चष्मा काढला आणि मावशीच्या नावावरून बोट फिरवलं, एकेक अक्षर. कुलसचिव, काँट्रॅक्टर, ग्रंथपालबाई, मांडवातली निम्मी माणसं, सगळे भोवती जमले होते. दादा रडेल असं मला वाटलं. वहिनीने तर पाण्याचा पेला आणून ठेवला होता.

दादा रडला नाही. ताठ झाला. मला न्यायासनावरचा दादा दिसला.

"मी फिर्याद मागे घेतो," तो म्हणाला. "चोरी झाली होती. पण ती काल झाली नाही आणि दगडाची झाली नाही. दोन वर्षांपूर्वी एका बाईचं नाव चोरीला गेलं, आणि चोरीचा माल आज माझ्या नावाखाली सापडला."

कुलसचिव घाम पुसत म्हणाले, भांडारवाल्यांनी फुटला म्हणून कळवलं होतं, त्यांनी स्वतः बघितलं नव्हतं. दादाने त्यांना एवढंच सांगितलं, की ह्यापुढे बघत जा. मग म्हणाला, "हा दगड लावायचा. तिचं नाव बाहेर. माझं भिंतीकडे."

"पण न्यायमूर्ती, देणगी तर तुमची आहे," कुलसचिव पुटपुटले.

"माझं नाव आणखी तीन इमारतींवर आहे," दादा म्हणाला, आणि हे सांगताना त्याची मान जी वर झाली ती मला फार आवडली. "मला कमी पडत नाही."

काँट्रॅक्टरने मुकादमाला हाक मारली. दादाने हात वर केला. दगड ही मुलगी लावेल. काँट्रॅक्टर चाचरत म्हणाला, तिला तर आता कामावरून... दादा म्हणाला, मग ती पुन्हा कामावर येईपर्यंत उद्घाटन थांबेल, मला काही घाई नाही. आणि मांडवातली एक खुर्ची ओढून घेऊन खरोखर बसला. काँट्रॅक्टरने तिथल्या तिथे, सगळ्यांदेखत, तिची माफी मागितली. "आत्तापासून काम सुरू कर," असंही म्हणाला.

"हे लावते," मुलगी म्हणाली. "पुढचं उद्या ठरवते."

मला ते इतकं झकास वाटलं की मी मोठ्याने हसले.

तिने मसाला कालवला. उलट्या अक्षरांचा थर तिने खरवडून काढला, ह्या वेळी पूर्ण. दादाच्या नावावर मसाला थापायची वेळ आली तेव्हा तिचा हात अडला. तिने त्याच्याकडे बघितलं. त्याने मान हलवली. मग एका बाजूने ती आणि दुसऱ्या बाजूने माझा भाचा, दोघांनी दगड उचलून बसवला. भाच्याच्या नव्या शर्टावर सिमेंटचे ओघळ आले. दादा मुलाजवळ गेला, बाहीवरचं सिमेंट आपल्या रुमालाने पुसलं आणि म्हणाला, "मला सांभाळायला निघाला होतास, गधड्या." रुमाल बराच वेळ फिरत राहिला. वहिनी तोंड फिरवून उभी होती.

मांडव भरला. कुलगुरू आले, भाषण झालं. पडदा मुद्दामच लावला नव्हता, ओल्या मसाल्याला लागला असता. दादाला दोन शब्द बोलायला सांगितलं. तो उठला, माइकपाशी गेला आणि भाषण न करताच तिसऱ्या रांगेकडे बघून म्हणाला, "ह्या मुलीच्या आई कुठे आहेत? जरा पुढे या. तिथून नीट ऐकू येत नाही."

बाई गोंधळून उठल्या. मी हात धरून त्यांना पहिल्या रांगेत माझ्या खुर्चीवर बसवलं.

मग दादा मुलीकडे वळला. "तू दिवसभर गप्प होतीस. आता बोल. दगडावर काय लिहिलंय ते मोठ्याने वाच."

तिने वाचलं. आधी मावशीचं नाव, मग तिचा धंदा, मग ती ओळ. पहिल्या शब्दाला आवाज कापला, नंतर खणखणीत झाला. मांडवाच्या शेवटच्या टोकाला उभे असलेले विद्यार्थीही ऐकत होते. ग्रंथपालबाई ओठ हलवत तिच्याबरोबर म्हणत होत्या. तिची आई लेकीकडे बघत होती.

वाचून झालं तशी पहिली टाळी दादाने वाजवली. स्वतःच्या नावाला त्याला वाजवता येत नाही, ते बरं दिसत नाही. त्या दिवशी त्याने हात लाल होईस्तोवर वाजवली, आणि मी त्याच्याहून मोठ्याने.